ओव्हरक्लॉकिंग

संगणकाचा प्रोसेसर उत्पादकाने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने चालवणे. बोलण्यात ‘ओसी करणे’. मदरबोर्डवरील मूळ क्लॉकला मल्टिप्लायरने गुणले की प्रोसेसरची गती येते. या दोहोंपैकी एक वाढवायचा आणि त्या गतीला चिप अडखळू नये म्हणून व्होल्टेजही चढवायचे, एवढीच मूळ क्रिया. प्रस्तुत नोंद डेस्कटॉपपुरती असून मुंबईतील साकीनाका व लगतच्या उपनगरांतील वापर समोर ठेवून लिहिली आहे.

पूर्वेतिहास : या विषयातील सर्वांत महत्त्वाची चिप इंटेलची सेलेरॉन ३००ए. ती २४ ऑगस्ट १९९८ रोजी बाजारात आली. मूळ गती ६६ मेगॅहर्ट्झ बस (म्हणजेच मूळ क्लॉक) व साडेचारचा मल्टिप्लायर, म्हणजे ३०० मेगॅहर्ट्झ. मल्टिप्लायर कुलूपबंद होता, पण बस मोकळी होती. बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर बस १०० केली की गती थेट ४५० होई, आणि पुष्कळ नग साध्या कुलरवर ती सहज पेलत. त्याच दिवशी आलेल्या पेंटियम-२ ४५० ची घाऊक किंमत ६६९ डॉलर होती, सेलेरॉनची १४९. सेलेरॉनची कॅशे अवघी १२८ केबी, पण चिपवरच असल्याने पूर्ण गतीने चालणारी. पेंटियमची ५१२ केबी, पण निम्म्या गतीची. त्यामुळे बहुतेक कामांत स्वस्त चिप महाग चिपेच्या बरोबरीस येई. दोन्ही एकाच ०.२५ मायक्रॉन प्रक्रियेवर बनत. स्वस्त चिपेला मुद्दाम कमी गतीचा शिक्का मारलेला असे. ओव्हरक्लॉकिंगची सगळी कीर्ती शिक्का व क्षमता यांतील या फरकावर उभी आहे.

पुढे एएमडीच्या अ‍ॅथलॉन व ड्युरॉन चिपांवरील तुटक जोडण्या शिसपेन्सिलीने जोडून मल्टिप्लायर मोकळा करण्याची युक्ती निघाली. जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिज पिढीत इंटेलने मूळ क्लॉक इतर बसेसशी बांधून टाकला व मोकळा मल्टिप्लायर ‘के’ चिपांपुरता ठेवला. आय५-२५००के ३.३ गिगॅहर्ट्झवरून साडेचारच्या आसपास सहज जाई, पण त्यासाठी महागडी चिप व तिला साजेसा बोर्ड घ्यावा लागे. ही काटकसर उरली नाही, चैन झाली.

सद्यःस्थिती : शिक्का व क्षमता यांमधील मोकळी जागा आता कारखान्यातच भरली जाते. २००८ पासून इंटेलच्या डेस्कटॉप चिपांत आलेला टर्बो बूस्ट आणि एएमडीचा प्रिसिजन बूस्ट तापमान व विजेचा अंदाज घेऊन गती क्षणोक्षणी चढवतात. आय९-१३९००केएस (२०२३) डब्यातूनच ६ गिगॅहर्ट्झपर्यंत जाते. रायझन ७ ५८००एक्स३डी (२०२२) वर मल्टिप्लायर एएमडीनेच बंद ठेवला. ओव्हरक्लॉकिंगने जळालेली चिप एकदा बदलून देणारी इंटेलची सशुल्क योजना २०२१ मध्ये बंद झाली. हाताने मिळणारा लाभ आता बहुधा काही टक्क्यांचाच असतो. रायझनवर सर्व कोअर एका गतीवर खिळवले तर एका कोअरचा बूस्ट उलट कमी होतो. साकीविहार रोड व अंधेरी-कुर्ला रोडच्या गाळ्यांतून चालणारे साचे-डायांचे कॅड काम बरेचसे एकाच कोअरवर चालते, म्हणजे तेथे ही खटपट तोट्याचीच.

उष्णता : चिपेचा वीजवापर गती आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराप्रमाणे वाढतो. दोन्ही दहा टक्क्यांनी चढवली तर वापर सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. कुलर चिपेला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. परदेशी चाचण्या २१-२२ अंशांच्या खोलीत होतात. साकीनाक्याच्या मेमधील ३२ अंशांच्या बिनएसी खोलीत तीच चिप त्याच कुलरखाली साधारण दहा अंश जास्त तापते, आणि इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप चिपा १०० अंशांना स्वतःहून गती उतरवतात. चिलर लावून हवेपेक्षा खाली जाण्याचा मार्ग पावसाळ्यात आणखी बिकट. जुलैत मुंबईचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. त्याखाली गेलेल्या धातूवर पाणी धरते आणि ते मदरबोर्डवर उतरते.

वीज : १०० वॉटचा जादा भार रोज सहा तास चालवल्यास महिन्याला १८ युनिटे वाढतात. दर टप्प्याटप्प्याने चढणारे असल्याने ही युनिटे वापरकर्त्याच्या सर्वांत वरच्या टप्प्यात मोजली जातात. पुरवठा साकीनाक्यास अदानी किंवा टाटाचा, मुलुंड-भांडुपकडे महावितरणचा.

धोके : इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही चिपा ओव्हरक्लॉक न करताही अस्थिर होऊ लागल्या. २०२४ मध्ये इंटेलने चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचे मान्य करून ऑगस्टपासून मायक्रोकोड सुधारणा दिल्या व डबाबंद चिपांची हमी दोन वर्षांनी वाढवली. मदरबोर्ड कंपन्यांच्या सैल मर्यादांचा यात किती वाटा, याबद्दल एकमत नाही. नवे बायोस टाकलेले नसेल तर या चिपांना हात लावू नये.

खरेदी : उपनगरांतील बरेच लोक अजूनही ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) गाठतात. साकीनाक्याहून २०१४ पासून अंधेरीपर्यंत मेट्रो आहे. ट्रे पीसपेक्षा (सुटी चिप) बॉक्स पीस (डबाबंद चिप) घ्यावा, कारण ट्रे पीसची हमी विक्रेत्याच्या शब्दावर असते.

स्पर्धा : द्रव नायट्रोजन वा हेलियमवर चालते, रोजच्या वापराशी संबंध नाही.

पर्याय : व्होल्टेज थोडे उतरवणे अधिक फायद्याचे, चिप थंड राहिल्याने बूस्ट जास्त वेळ टिकतो. रायझनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर हेच करतो, तर इको मोड वीजवापराची मर्यादा उतरवतो. रॅमचे एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइलही काटेकोर अर्थाने ओव्हरक्लॉकिंगच आहे. ते बायोसमध्ये एका नोंदीने सुरू होते आणि पुष्कळ असेंबल पीसींत सुरू करायचेच राहून गेलेले असते. सुरू केल्यावर रॅमची चाचणी रात्रभर चालवावी, आणि ती शक्यतो मे महिन्यात.