पलटण विमानात बसते तेव्हा

नागपूरच्या महालातून सोनेगाव विमानतळ सरळ रेषेत सुमारे 9 किलोमीटर. हवाई दलाच्या 44 क्रमांकाच्या स्क्वाड्रनची चार इंजिनांची आयएल-76 विमाने काही वर्षे तेथे मुक्कामाला होती. बाहेरून ती अनेकांनी पाहिली. आत बसून परदेशी गेलेल्या जवानाचा प्रवास मात्र इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाही.

पूर्वी पलटणी जहाजाने जात. 16 ऑक्टोबर 1914 रोजी पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड मुंबईहून निघाली. तीत 117वी मराठा पलटण होती. बहारीनला थांबून ती 6 नोव्हेंबरला इराकच्या टोकाशी, फाव येथे उतरली. तीन आठवडे! बोट लागण्याचा त्रास होताच, पण पुढे काय आहे याची मनाशी जुळणी करायला वेळही होता.

विमानाने हा वेळ काढून घेतला. 29 जुलै 1987 रोजी श्रीलंकेशी करार झाला आणि दुसऱ्या दिवसापासून भारतीय सैन्य जाफन्याजवळच्या पलाली धावपट्टीवर उतरू लागले. महार रेजिमेंटची दुसरी पलटण 1942 साली नागपूरशेजारच्या कामठीत उभी राहिली होती. त्याच रेजिमेंटची 8वी पलटण आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण तेथे लढल्या. मद्रासहून पलाली सुमारे 360 किलोमीटर, म्हणजे एएन-32 विमानाला जेमतेम तास. न्याहारी आपल्या देशात आणि दुपारचे जेवण अशा गावात, जिथली भाषा कळत नाही आणि समोरचा मित्र की शत्रू हेही उमगत नाही. शांतिसेना म्हणून गेलेल्या या जवानांना ऑक्टोबरपासून लढावे लागले. 25 नोव्हेंबरला 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

या विमानांत जवान भिंतीला लावलेल्या बाकांवर बसतात. खिडक्या थोड्या, त्यामुळे आपण कुठे चाललो ते दिसत नाही. इंजिनांच्या घरघरीत बोलणे खुणांनीच. पण आम्हा विज्ञानशिक्षकांच्या दृष्टीने खरा विषय हवेच्या दाबाचा. सुमारे 5,500 मीटर उंचीवर दाब जमिनीवरच्या निम्मा होतो. जुन्या डकोटात दाब राखण्याची सोयच नव्हती. एएन-12 मध्ये ती फक्त पुढच्या भागात. मालाच्या मोठ्या कप्प्यात माणसे असली, तर विमान कमी उंचीवर ठेवावे लागे किंवा प्राणवायूचे मुखवटे लागत. एएन-32 आणि आयएल-76 यांच्या कप्प्यात दाब राखता येतो. 3 नोव्हेंबर 1988 रोजी आग्र्याहून निघालेली आयएल-76 विमाने छत्रीधारी सैनिकांना घेऊन अडीच हजार किलोमीटरांवरच्या मालदीवला त्याच रात्री, न थांबता पोहोचली.

तरीही उतरताना कान दुखतात. बाहेरचा दाब वाढतो, मधल्या कानातला मागे राहतो; आवंढा गिळला की घशाकडची नळी उघडते आणि दाब सारखा होतो. चिखलदऱ्याला सहल गेली, तर सुमारे 1,100 मीटरवर प्लॅस्टिकची रिकामी बाटली घट्ट बंद करा. नागपुरात आणून सावलीत ठेवा आणि ती का चेपली, ते मुलांनाच सांगू द्या.

श्रीलंकेतले जखमी जवान परतले तेही विमानांनीच, स्ट्रेचरवर. छातीच्या जखमेत हवा अडकलेली असेल, तर उंचीवर ती फुगून फुप्फुसावर दाब आणते. अशा रुग्णासाठी विमान खालूनच न्यावे लागते, मग इंधन जास्त लागले तरी चालेल.