शस्त्र कायदा १८७८ ते संविधान सभा : शस्त्र बाळगण्याच्या हक्काची मागणी आणि तिचा अस्त

प्रस्तावना

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ मध्ये झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीने नागरिकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काला घटनात्मक स्थान दिले. हा हक्क नागरी सेनेपुरता आहे की प्रत्येक व्यक्तीचा आहे, हा वाद तेथे दीर्घकाळ चालला. २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी घरामध्ये आत्मसंरक्षणासाठी बंदूक बाळगण्याचा व्यक्तिगत हक्क मान्य केला. या वादात बंदुकीच्या हक्काचे अमेरिकन समर्थक महात्मा गांधींचा आधार घेतात, ही बाब भारतीय वाचकास चमत्कारिक वाटण्यासारखी आहे. संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा हे ब्रिटिश राजवटीचे सर्वांत काळे कृत्य ठरेल, अशा आशयाचे विधान गांधीजींनी खरोखरच केले होते. मात्र ते कोणत्या प्रसंगी आणि कशासाठी केले, याचा विचार तेथे सहसा होत नाही.

भारतात शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत मानला जात नाही. परंतु ही मागणी भारतात नव्हतीच असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. राष्ट्रीय सभेने ती जवळजवळ अर्धशतक केली आणि मूलभूत हक्कांच्या ठरावातही तिचा समावेश केला. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर अवघ्या सोळा महिन्यांत संविधान सभेने मात्र ती फेटाळली. हे का घडले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

१८७८ चा कायदा आणि त्यातील भेद

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी निःशस्त्रीकरणाचे धोरण हाती घेतले. दक्षिण मराठा मुलखातील नरगुंद संस्थानचे अधिपती भास्करराव उर्फ बाबासाहेब भावे यांनी १८५८ मध्ये बंड केले. त्यांच्या असंतोषाच्या कारणांमध्ये दत्तकाच्या नामंजुरीइतकाच शस्त्रे सरकारजमा करण्याचा हुकूमही होता. संस्थानिकाच्या दृष्टीने तोफा व हत्यारे ही केवळ लढण्याची साधने नव्हती, तर त्याच्या दर्जाची खूणही होती. शस्त्र जाणे म्हणजे मान जाणे, ही भावना पुढील साठ-सत्तर वर्षांच्या राजकीय भाषेत वारंवार आढळते.

१८५७ व १८६० च्या कायद्यांनंतर लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा अकरावा कायदा, म्हणजे भारतीय शस्त्र कायदा, संमत झाला. त्याच वर्षी देशी वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही आला. लेखणी आणि तलवार यांच्यावर एकाच वर्षी बंधन आले, हा योगायोग समकालीनांच्या नजरेतून सुटला नाही. लॉर्ड रिपन यांच्या काळात वृत्तपत्र कायदा रद्द झाला. शस्त्र कायदा मात्र तसाच राहिला. उदारमतवादी राज्यकर्त्यांनाही तो आवश्यक वाटला, यावरून त्याचे महत्त्व लक्षात येते.

या कायद्यात शस्त्राची व्याख्या विस्तृत होती. बंदुका व तोफांबरोबरच तलवारी, खंजीर, भाले आणि धनुष्यबाणही तीत येत. बंदूक बाळगण्यासाठी परवाना लागे. वंशभेद कायद्याच्या कलमांत उघडपणे लिहिलेला नव्हता. एखाद्या व्यक्तीस किंवा वर्गास सूट देण्याचा अधिकार कलमाने गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलला दिला होता आणि त्या अधिकाराखाली केलेल्या नियमांतून युरोपीय व अँग्लो-इंडियन यांना परवान्याच्या जाचातून मुक्त करण्यात आले. मूळ कायदा निरपेक्ष दिसावा आणि भेद नियमांच्या परिशिष्टात राहावा, ही वसाहतकालीन कायदेनिर्मितीची एक परिचित रीत येथे दिसते. परिणामी, एखाद्या युरोपीय मळेवाल्याला परवान्याशिवाय जे हत्यार बाळगता येई, त्यासाठी त्याच्या शेजारच्या हिंदी जमीनदाराला कलेक्टर कचेरीत अर्ज करून वाट पाहावी लागे.

कायदा बंडखोरी थोपवील ही अपेक्षा फारशी सफल झाली नाही. कायदा झाल्यानंतर वर्षभराच्या आतच, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांनी रामोश्यांच्या साहाय्याने पुणे जिल्ह्याच्या परिसरात बंड उभारले. पुढे २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर ज्या ब्राउनिंग पिस्तुलाने गोळ्या झाडल्या, ते लंडनहून गुप्तपणे आलेल्या पिस्तुलांपैकी होते. ज्यांना कायदा मोडायचाच होता त्यांना शस्त्र मिळत होते. कायद्याचा भार पडला तो पिकाचे रानडुकरापासून रक्षण करू पाहणाऱ्या आणि वाघ-बिबट्याच्या भयात राहणाऱ्या गावकऱ्यांवर.

मागणीचे स्वरूप : सुरक्षितता की समता?

राष्ट्रीय सभेच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनात शस्त्र कायद्याविरुद्ध ठराव आला. बिपिनचंद्र पाल यांनी त्या अधिवेशनात हा भेदमूलक कायदा रद्द करण्याची जोरदार मागणी केली. त्या काळातील ठरावांची भाषा बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रजा राजनिष्ठ आहे, म्हणून तिच्यावर अविश्वास दाखवणारा कायदा शिथिल करावा, असा त्यांचा सूर होता. मागणी शस्त्राची होती, पण तिचा आधार निष्ठा हा होता. अमेरिकेत शस्त्राचा हक्क राज्यसत्तेवरील संशयातून मांडला गेला. हिंदुस्थानात तो राज्यसत्तेने आपल्यावर विश्वास ठेवावा यासाठी मागितला गेला. या दोन भूमिकांतील अंतर लक्षात घेतल्याशिवाय पुढील घटनांचा उलगडा होत नाही.

लोकमान्य टिळकांनी या मागणीतील राजनिष्ठेचा सूर टाकून दिला. ९ जून १९०८ च्या 'केसरी'तील 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या अग्रलेखाचे निमित्त स्फोटक पदार्थांविषयीच्या व वृत्तपत्रांविषयीच्या नव्या कायद्यांचे होते. शस्त्र कायद्याने राष्ट्राचे पौरुष खच्ची केले, हा आरोप त्यात होता. त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा होता की, बाँब ही तोफेसारखी कारखान्यात बनणारी वस्तू नसून ती एक विद्या आहे, आणि विद्येवर परवान्याची पद्धत चालत नाही. बंदीच्या उपायांची मर्यादा इतक्या स्पष्टपणे त्या काळी क्वचितच कोणी मांडली असेल. या लेखमालेबद्दल टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

गांधीजींचे उपरोक्त विधान १९१८ मधील आहे. पहिल्या महायुद्धासाठी खेडा जिल्ह्यात सैन्यभरती करताना त्यांनी काढलेल्या पत्रकात ते येते. शस्त्र कायदा रद्द व्हावा असे वाटत असेल, शस्त्र चालवण्यास शिकायचे असेल, तर सैन्यात दाखल होण्याची ही संधी आहे, असा तो युक्तिवाद होता. म्हणजे घराघरांत बंदूक असावी असे त्यांचे म्हणणे नव्हते; सरकारच्या संकटकाळी साहाय्य करून अविश्वासाचा कलंक पुसावा, हे त्यांचे म्हणणे होते. आत्मचरित्रात त्यांनी या पत्रकाचा उल्लेख केला आहे. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने भरतीसाठी फिरावे हा विरोधाभास अनेक अभ्यासकांना अडचणीचा वाटला आहे. शस्त्राचा स्वेच्छेने त्याग आणि सक्तीची निःशस्त्रता यांतील भेद ध्यानी घेतला तर ही अडचण बरीच कमी होते. ज्याच्या हाती शस्त्र असूच शकत नाही, त्याची अहिंसा ही निवड ठरत नाही.

१९२० च्या नव्या नियमांनी वंशावर आधारित सूट काढून टाकली. तक्रारीचा सर्वांत बोचणारा भाग गेला, तरी मागणी चालूच राहिली. १९२८ च्या नेहरू अहवालातील हक्कांच्या यादीत शस्त्राचा हक्क आहे. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी मांडलेल्या अकरा मागण्यांतील शेवटची मागणी आत्मसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने देण्याची होती, पण तीही लोकनियंत्रणाच्या अटीसह. १९३१ च्या कराची ठरावातही तत्संबंधी नियमांना अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क नमूद झाला. नियंत्रणाची अट या मागणीला जन्मापासून चिकटलेली होती. वाद नियंत्रण असावे की नसावे याचा नव्हता, ते कोणाच्या हाती असावे याचा होता.

संविधान सभेतील वाद

डिसेंबर १९४८ च्या आरंभी संविधान सभेत मसुद्याच्या तेराव्या अनुच्छेदावर, म्हणजे आजच्या एकोणिसाव्या अनुच्छेदावर, चर्चा झाली. मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी हरि विष्णू कामत यांनी स्वातंत्र्यांच्या यादीत शस्त्र बाळगण्याच्या हक्काची भर घालणारी दुरुस्ती मांडली. सनदी सेवा सोडून सुभाषचंद्र बोस यांच्या राजकारणात आलेले कामत संविधान सभेतील अत्यंत जागरूक सदस्यांपैकी एक होते. त्यांचा आधार कराची ठराव हा होता. पक्षाने देशाला दिलेले वचन राज्यघटनेत का येऊ नये, हा त्यांचा प्रश्न बिनतोड वाटावा असाच होता. आपल्या दुरुस्तीत कायद्याने विनियमन करण्याची मुभा ठेवली आहे, हेही त्यांनी दाखवून दिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तरात ठरावांचा इतिहास नाकारला नाही. परिस्थिती बदलल्यावरही त्या ठरावांची अंमलबजावणी करण्याचे कारण उरते काय, एवढेच त्यांनी विचारले. ब्रिटिश सरकारने शस्त्रे नाकारली ती शांतता व सुव्यवस्थेसाठी नव्हे. जित प्रजेने परकीय सत्ता उलथवू नये म्हणून नाकारली. ते कारण संपले, तेव्हा ठरावांचा पायाही संपला, असा त्यांचा मुद्दा होता. यावर कामतांनी हा सोयीस्कर युक्तिवाद असल्याचा टोला लगावला.

आंबेडकरांचा दुसरा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने अधिक खोल होता. विनियमन म्हणजे अटी घालणे. परंतु त्या अटी हक्कच नाहीसा करण्याइतक्या कठोर असू शकत नाहीत. एकदा हक्क मूलभूत ठरला की अमुक वर्गाचा मनुष्य आहे म्हणून त्याला शस्त्र नाकारता येणार नाही. चोर, दरोडेखोर आणि गुन्हेगार जमाती यांनाही तो मिळेल. या वाक्यातील शेवटचा उल्लेख आज वाचताना खटकतो. जन्मावरून संपूर्ण समूहाला गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासून चालत आलेला कायदा तेव्हा अस्तित्वात होता आणि तो १९५२ मध्ये रद्द झाला. जन्माधिष्ठित उच्चनीचतेविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या नेत्याच्या तोंडीही वसाहतकालीन प्रशासनाची परिभाषा यावी, यावरून ती किती खोल रुजली होती हे दिसते. तथापि युक्तिवादाचा गाभा त्या उल्लेखावर अवलंबून नाही.

शस्त्र धारण करण्याच्या हक्काऐवजी कर्तव्याचा विचार व्हावा, असे आंबेडकरांनी पुढे म्हटले. युद्ध किंवा बंडाळी उद्भवल्यास राज्याच्या रक्षणार्थ नागरिकांना शस्त्र हाती घेण्यास बोलावता यावे, ही तरतूद त्यांना महत्त्वाची वाटत होती. १८८७ पासून मागणीचे केंद्र 'राज्याने आमच्यावर विश्वास ठेवावा' हे होते. राज्य आपलेच झाल्यावर त्या विश्वासाचे रूप हक्कातून कर्तव्यात पालटले. दुरुस्ती फेटाळली गेली.

काळाचाही विचार करावयास हवा. फाळणीच्या कत्तली ताज्या होत्या. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या बिनपरवाना पिस्तुलाने झाली होती आणि त्या खटल्याचे काम लाल किल्ल्यात चालू होते. मराठवाड्याने रझाकारांचा उच्छाद पाहिला होता आणि तेलंगणात सशस्त्र लढा संपलेला नव्हता. एकट्या या घटनांनी निर्णय घडवला असे म्हणणे धाडसाचे होईल. आंबेडकरांची मांडणी तत्त्वाच्या पातळीवर पूर्ण आहे. पण सभागृहातील सदस्यांना समाजातील हिंसेची कल्पना करण्याची गरज नव्हती, एवढे निश्चित.

संविधानाच्या अंतिम पाठात शस्त्रांचा उल्लेख जेथे येतो ती स्थळे सूचक आहेत. एकोणिसाव्या अनुच्छेदाने शांततेने व 'विनाशस्त्र' एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले. पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे हे शीख धर्माचरणाचा भाग मानले गेले. शस्त्रे व दारूगोळा हा विषय संघसूचीत गेला.

१९५९ नंतर

स्वतंत्र भारतात १८७८ चा कायदा आणखी चौदा-पंधरा वर्षे चालू राहिला, ही गोष्ट मात्र समर्थनीय म्हणता येणार नाही. ज्याला राष्ट्राचा अपमान म्हटले, त्याच कायद्याखाली आपल्या नागरिकांचे अर्ज निकालात काढले जात होते. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला. त्याच्या उद्देशपत्रिकेने जुन्या कायद्याचा हेतू राष्ट्राला निःशस्त्र करण्याचा होता हे मान्य केले. पिकांच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्यात झाली. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे चौदाव्या कलमाने स्पष्ट केले. हे कलम लिहावे लागले, यातच पूर्वीच्या व्यवहाराची कबुली आहे. तरीही परवान्याची बंदूक ग्रामीण महाराष्ट्रात प्रतिष्ठेचे चिन्ह राहिली, आणि ज्याला तिची खरी गरज त्या डोंगराळ भागातील लहान शेतकऱ्याला कागदपत्रांची वाट अवघडच राहिली. एका परवानाधारकास बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा १९८३ च्या दुरुस्तीने तीनवर, तर २०१९ च्या दुरुस्तीने दोनवर आणली. २०२३ मध्ये बिनपरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेप्रमाणे भारतात हा मूलभूत हक्क नाही, याचा पुनरुच्चार केला.

वर्गाधिष्ठित सुटीचा एक अवशेष मात्र शिल्लक आहे. १८५७ नंतरच्या काळात कोडगूतील कोडव समाजाला व तेथील जम्मा जमीनधारकांना दिलेली परवान्याची सूट स्वतंत्र भारताने चालू ठेवली. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. वंश व जमीनधारणा यांवर आधारलेली ही सूट समतेच्या तत्त्वाविरुद्ध असल्याचा आक्षेप न्यायालयात घेण्यात आला. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि सूट कायम ठेवली.