शहाद्याच्या स्त्रिया आणि फुटलेली मडकी

१/ नवऱ्याने बायकोला मारले, तर त्यात गावाने पडावे का? भारतीय दंड संहितेत पतीच्या क्रौर्याविरुद्धचे कलम ४९८-अ आले ते १९८३ मध्ये. त्याच्या सुमारे दहा वर्षे आधी सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल स्त्रियांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले होते. त्याविषयी हा धागा.

२/ शहादा तालुका आज नंदुरबार जिल्ह्यात आहे; तेव्हा तो धुळे जिल्ह्यात होता. जमीन सुपीक, पण आदिवासींच्या हातून ती कर्जापायी सावकारांकडे आणि बड्या शेतकऱ्यांकडे गेलेली. एके काळचे मालक त्याच शिवारात सालदार म्हणून राबत होते.

३/ अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याने या अन्यायाविरुद्ध लोकांना उभे केले. १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. वर्ष भीषण दुष्काळाचे होते. जमीन आणि मजुरीसाठी निघालेल्या मोर्च्यांत स्त्रिया आघाडीवर असत.

४/ मात्र स्त्रियांच्या शिबिरांत बोलणे सुरू झाले, तेव्हा ते घराकडे वळले. झगडून मिळवलेली मजुरी गुत्त्यावर जाते आणि पिऊन आलेला नवरा मारतो, हे एकीने सांगितले की दुसरीला आपलीच कथा ऐकल्यासारखे वाटे. दारूबंदीचा कायदा १९४९ पासून होता. गुत्ते तरीही चालूच होते.

५/ मग स्त्रिया जथ्याने गावोगाव निघाल्या. गुत्त्यांत शिरून त्यांनी दारूची मडकी फोडली. एखादीने नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार केली की साऱ्या जमत, त्याला चोप देत आणि चारचौघांत माफी मागायला लावत.

६/ मारहाण जुनीच होती. नवे होते ते साक्षीदार. ‘घरातली बाब’ म्हणून जे चार भिंतींत दडपले जाई, ते आता गावासमोर मांडले जाऊ लागले. मारणाऱ्याला लाज वाटावी आणि मार खाणारीला वाटू नये, एवढा हा बदल होता. एवढा, पण मूलभूत.

७/ या मार्गाला मर्यादाही होत्या. चोप देणे म्हणजे हिंसेला हिंसेनेच उत्तर. शिवाय दारू हे निमित्त असते. न पिणारेही हात उगारतात. तरीही ज्यांच्यासाठी पोलीस ठाणे दूर आणि न्यायालय त्याहून दूर होते, त्यांच्यापाशी दुसरे साधन तरी कोणते होते?

८/ पुढे १९८३ चे कलम आले, २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा झाला. पण कायद्याचे दार ठोठवायला आधी कुणीतरी बोलावे लागते, आणि बोलणारीच्या मागे चारजणी उभ्या असाव्या लागतात. शहाद्याच्या स्त्रियांनी नेमके हेच केले: त्या एकमेकींच्या मागे उभ्या राहिल्या.