डीजे, महाराज आणि गाँग

आपल्याकडे ‘डीजे लावला’ म्हटलं की डोळ्यांसमोर माणूस येत नाही, ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत येते. कोल्हापूर-साताऱ्याकडे तिलाच डॉल्बी म्हणतात. गणपतीच्या दिवसांत ‘डीजेबंदी’च्या बातम्या येतात, तेव्हा बंदी असते ती त्या यंत्रावर. अमेरिकेत हा शब्द माणसाचा: डिस्क जॉकी, म्हणजे तबकड्या वाजवणारा. जमैकात मात्र डीजे तबकडीला हातही लावत नाही. तिथे डीजे म्हणजे ठेक्यावर शब्द फेकणारा, अर्धं बोलून अर्धं गाणारा कलावंत. तबकडी लावणाऱ्याला म्हणतात सिलेक्टर. आणि ज्याला आपण डीजे म्हणतो ती भिंत, तिची माणसं आणि तिच्या तबकड्या हे सगळं मिळून होतं ‘साउंड’.

एकाच शब्दाला तीन मुलुखांत तीन अर्थ कसे चिकटले? जमैकाचा अर्थ उलगडण्यासाठी १९५० च्या दशकातल्या किंग्स्टनमध्ये जावं लागतं. वाद्यवृंद बोलावणं गरीब वस्त्यांना परवडत नसे, म्हणून अंगणात किंवा भाड्याच्या सभागृहात कर्णे मांडून तबकड्यांवर नाच चाले. त्या सभागृहांवरूनच पुढे ‘डान्सहॉल’ हे संगीताचं नाव झालं. अमेरिकन रेडिओवरच्या निवेदकांची फटकेबाज बोली किंग्स्टनमध्ये ऐकू येत असे. काउंट माचुकी या तरुणाने ती उचलली आणि गाण्यांच्या मधल्या जागा यमकांनी, आरोळ्यांनी भरायला सुरुवात केली. तबकडी आणि बोलणं ही दोन्ही कामं आधी एकाच नावाखाली होती. पुढे ती वेगळी झाली तेव्हा ‘डीजे’ हा शब्द तोंडाबरोबर गेला. न्यूयॉर्कमध्ये नेमकं उलट घडलं. किंग्स्टनहून तिकडे गेलेल्या कूल हर्कने १९७३ मध्ये ब्राँक्समध्ये जे नाच मांडले, त्यातून हिपहॉप उभं राहिलं. तिथे ‘डीजे’ हाताबरोबर राहिला आणि बोलणाऱ्याला एमसी हे वेगळं नाव मिळालं. मला या फाट्याचं फार अप्रूप वाटतं, कारण दोन्हीकडच्या कलेत पुढे कोणाला मान मिळाला ते या एका शब्दात कळतं.

जमैकात तो मान मिळवून दिला यू-रॉयने. खरं नाव इवर्ट बेकफर्ड. घरातल्या एका लहानग्याला ‘इवर्ट’ म्हणता येईना, त्यातून ‘यू-रॉय’ झालं. गायकाचा आवाज काढून नुसतं संगीत ठेवलेल्या तबकडीला तिथे ‘व्हर्जन’ म्हणतात. या रिकाम्या जागेत यू-रॉयने आपलं बोलगाणं बसवलं आणि १९७० मध्ये त्याच्या तीन तबकड्या एकाच वेळी जमैकाच्या यादीत पहिल्या तीन जागांवर होत्या. तोवर डीजे हा मुख्यतः नाचाच्या रात्रीपुरता माणूस होता. आता त्याचं नाव तबकडीवर सर्रास छापलं जाऊ लागलं. पुढे यू-रॉयने स्वतःचा साउंड काढला, त्याला मुलांच्या नावांवरून ‘स्टर-गॅव्ह’ म्हटलं, आणि त्या माइकवर जोझी वेल्स, चार्ली चॅप्लिन असे पुढच्या पिढीचे डीजे तयार झाले.

व्हर्जनच्या पाठोपाठ ‘रिडिम’ आला. इंग्रजीतल्या ऱ्हिदमचाच हा जमैकन उच्चार, पण अर्थ लयीपुरता राहिला नाही. एका गाण्यामागचं सगळं वाद्यसंगीत म्हणजे रिडिम, आणि त्यावर कितीही जणांनी आपापली गाणी म्हणावीत. रिडिमला स्वतःचं नाव असतं: स्टॅलॅग, स्लेंग टेंग. ही मोकळीक नव्या गायकाला दार उघडून देई, पण गाणं कोणाचं हा प्रश्नही मागे ठेवून जाई. सिस्टर नॅन्सीने १९८२ मध्ये स्टॅलॅग रिडिमवर म्हटलेलं ‘बॅम बॅम’ जगभर वाजलं, कैक गाण्यांत त्याचे तुकडे वापरले गेले. ती मात्र अमेरिकेत बँकेत नोकरी करत राहिली. त्या गाण्यातला वाटा तिच्या पदरात पडायला तीस वर्षांहून जास्त काळ लागला.

याच संगीतपरंपरेतल्या ‘रेगे’ या शब्दाचं मूळ चिंध्यांपाशी जातं, असं मानायला आधार आहे. कॅसिडी आणि लपाज यांच्या १९६७ च्या जमैकन इंग्रजी कोशात ‘रेगे-रेगे’ हा शब्द फाटके कपडे आणि भांडण या दोन्ही अर्थांनी दिला आहे. पुढच्याच वर्षी टूट्स हिबर्टच्या ‘मेटल्स’ या गायकचमूने हा शब्द तबकडीच्या नावात आणला. पुढे ‘रॅगा’ आला तोही रॅगामफिन म्हणजे फाटक्या पोरावरून. हिणवणारा शब्द असा मिरवणं माणसांच्या नावांतही दिसतं. विन्स्टन फॉस्टर जन्मतः वर्णहीन त्वचेचा, अनाथालयात वाढलेला. त्या त्वचेची त्याच्या समाजात टवाळी होत असे. त्याने ‘यलोमॅन’ म्हणजे पिवळा माणूस हेच नाव घेतलं आणि १९८० च्या दशकात तो डान्सहॉलचा पहिला मोठा तारा झाला.

एकीकडे चिंध्या आणि दुसरीकडे मुकुट. काउंट माचुकी आणि त्याच्यासारखेच साउंडच्या दुनियेतले ड्यूक रीड, प्रिन्स बस्टर, किंग टबी: युरोपातल्या राजे-सरदारांच्या पदव्या या वस्त्यांनी वाटून घेतल्या होत्या. ही नावं गमतीची वाटली तरी त्यांत ज्येष्ठतेचा हिशेब काटेकोर असे. टबीच्या हाताखाली शिकलेला जॅमी वर्षानुवर्षं ‘प्रिन्स’ होता, १९८५ मध्ये स्लेंग टेंग गाजल्यावर ‘किंग’ झाला. गायक डेनिस ब्राउनला ‘रेगेचा युवराज’ म्हणत, आणि १९९९ मध्ये किंग्स्टनच्या राष्ट्रीय वीरांच्या उद्यानात त्याचं दफन झालं तेव्हाही तो युवराजच होता.

या पदव्यांमध्ये एक आपल्या ओळखीची आहे. १८४५ पासून १९१७ पर्यंत सुमारे ३६,००० भारतीय करारबद्ध मजूर म्हणून जमैकात नेले गेले. त्यातले बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांच्याबरोबर ‘गांजा’ हा शब्द गेला, तो तिथे आजही तसाच आहे. ‘महाराज’ हे आडनावही गेलं आणि तिथल्या जिभेवर ‘मराघ’ झालं. रास्ताफारी या जमैकातल्या धर्मपंथाचा आद्य प्रचारक लेनर्ड हॉवेल याने १९३५ च्या सुमारास आपली पुस्तिका काढली ती ‘जी. जी. मराघ’ या नावाने. जी. जी. म्हणजे गंगुनगुरू. ज्ञान, गुण, गुरू असे शब्द जोडून ते बनलं, असं अभ्यासक मानतात. ऊसमळ्यातल्या मजुरांच्या भाषेतला आदराचा शब्द आफ्रिकन वंशाच्या एका बंडखोराने स्वतःसाठी निवडला, हे मला या साऱ्या शब्दकथेतलं सगळ्यात हृद्य पान वाटतं. अनुयायी त्याला ‘गाँग’ म्हणत. त्याचाच प्रतिध्वनी बॉब मार्लीच्या ‘टफ गाँग’ या टोपणनावात, आणि मग त्याच्या कंपनीच्या नावात उमटला. मार्लीचा धाकटा मुलगा डेमियन आजही ‘ज्युनियर गाँग’ म्हणून गातो.

१९८० च्या दशकात गाजलेला सुपर कॅट याचं खरं नाव विल्यम मराघ. त्याच्या घरात भारतीय रक्त आहे, ते आडनावच सांगतं. १९९२ मध्ये त्याचा ‘डॉन दादा’ हा संग्रह आला. इथे मराठी कान टवकारतात, पण थांबायला हवं. जमैकन बोलीत दादा म्हणजे बाप, आणि लहान मुलांच्या तोंडचे असे शब्द कितीतरी भाषांत आपापले जन्मतात. ‘डॉन दादा’ म्हणजे सगळ्या डॉनांचा बाप. गल्लीतल्या आपल्या दादाशी त्याचं नातं जोडायला पुरावा नाही. सुपर कॅट स्वतःला ‘वाइल्ड अपाची’ही म्हणवी. बर्मिंगहॅमच्या स्टीव्हन कपूर या पंजाबी मुलाने त्यातला ‘अपाची’ घेतला, पुढे ‘इंडियन’ जोडलं, आणि अपाची इंडियन १९९० च्या दशकात आपल्याकडच्या टीव्हीवर पोहोचला.

बायकांच्या वाट्याला ‘सिस्टर’, ‘लेडी’ ही बिरुदं आली. मॅरियन हॉलने टेनर सॉ या गायकावरून ‘लेडी सॉ’ हे नाव घेतलं. पुरुषांइतक्याच बिनधास्त शब्दांत ती गायली, ‘डान्सहॉलची राणी’ म्हणवून घेतलं आणि ग्रॅमी मिळवली. २०१५ च्या अखेरीस तिने बाप्तिस्मा घेतला आणि ते नाव टाकलं. आता ती भक्तिगीतं गाते आणि प्रवचनं करते. नव्या तबकड्यांवर छापलेलं असतं: मिनिस्टर मॅरियन हॉल.