आर्लिंग्टन : शत्रूच्या अंगणातली थडगी

वॉशिंग्टन डीसीला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या अल्बममध्ये आर्लिंग्टनचा एक तरी फोटो असतोच. हिरवीगार टेकडी, एका मापाचे पांढरे दगड, आणि अनाम सैनिकाच्या समाधीपुढे मोजून एकवीस पावलं टाकणारा पहारेकरी. चार लाखांहून जास्त माणसं तिथे चिरनिद्रा घेत आहेत. फोटोत वर, टेकडीच्या माथ्यावर, जाडजूड खांबांचा एक बंगला दिसतो. त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. पण खरी गोष्ट त्या बंगल्याची आहे आणि ती आहे चक्क जमिनीच्या भांडणाची. (सातबारा आणि भाऊबंदकीच्या कथा ऐकत मोठे झालेल्या आपल्याला ती समजायला जड जाऊ नये!)

बंगला बांधला जॉर्ज वॉशिंग्टनच्या बायकोच्या नातवाने, कस्टिसने. म्हणजे बांधवून घेतला. राबले ते गुलाम. १८५७ मध्ये तो वारला तेव्हा साधारण ११०० एकरांची ही जहागीर मुलीला, मेरीला, हयातीपुरती मिळाली आणि तिच्यामागे तिच्या थोरल्या मुलाला. मेरीचा नवरा रॉबर्ट ई. ली. म्हणजे ज्या लीची जमीन म्हणून आर्लिंग्टन ओळखलं जातं, तो कागदोपत्री तिचा मालक कधीच नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१८६१ मध्ये यादवी पेटली. लीने अमेरिकन सैन्याचा राजीनामा दिला आणि तो दक्षिणेला जाऊन मिळाला. महिन्याभरातच उत्तरेच्या फौजेने टेकडी ताब्यात घेतली. साहजिकच होतं, तिथून राजधानी तोफेच्या टप्प्यात येत होती. पण ताबा वेगळा आणि मालकी वेगळी. ती मिळवायला सरकारने जे केलं ते आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत शोभलं असतं. जमिनीवर कर बसवला, ९२ डॉलर ७ सेंट, आणि अट घातली की मालकाने स्वतः हजर राहूनच तो भरायचा. मेरी संधिवाताने जखडलेली, त्यात शत्रूच्या मुलखात. तिने एका नातेवाइकाच्या हाती पैसे धाडले. कचेरीने ते घेतलेच नाहीत! कर थकला म्हणून जानेवारी १८६४ मध्ये लिलाव झाला. बोली लावणारा एकच, खुद्द सरकार. किंमत २६,८०० डॉलर.

आता इथे येतो माँटगोमेरी मेग्ज. उत्तरेच्या सैन्याचा क्वार्टरमास्टर जनरल. तरुणपणी लीच्या हाताखाली काम केलेला इंजिनिअर, स्वतः जॉर्जियात जन्मलेला, पण उत्तरेशी एकनिष्ठ राहिलेला. त्याच्या लेखी ली सरळसरळ गद्दार होता. वॉशिंग्टनमधल्या दफनभूमी भरत आल्या होत्या आणि मे १८६४ मध्ये आर्लिंग्टनच्या एका कोपऱ्यात पहिलं दफन झालं. मेग्जला तो कोपरा मान्य नव्हता. थडगी बंगल्याला लागून हवीत! मग मिसेस लीच्या फुलबागेच्या कडेने अधिकारी पुरले गेले, आणि १८६६ मध्ये बागेशेजारी एका मोठ्या तळघरात २,१११ अनोळखी सैनिकांचे अवशेष ठेवून ते बंद केलं. हिशोब साधा होता. दारात थडगी असलेल्या घरात पुन्हा राहायला येणार कोण? (तात्पुरता म्हणून टाकलेला पॅच पुढे कुणी काढायची हिंमत करत नाही, हे आपल्या धंद्यातल्यांना वेगळं सांगायला नको.) पुढे त्याच युद्धात मेग्जचाही मुलगा मारला गेला. आज बापलेक दोघंही तिथेच आहेत.

मेरी १८७३ मध्ये वारली. मग थोरल्या मुलाने, कस्टिस लीने, दावा लावला. सरकारचं म्हणणं, सरकारवर असा दावा चालतच नाही. १८८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला : लिलाव बेकायदा, जमीन लीची. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती मिलर लिंकनने नेमलेले होते. म्हणजे राष्ट्रासाठी मेलेली हजारो माणसं कायद्याने परक्याच्या जमिनीत पडली होती. एक तर उकरा, नाहीतर पैसे मोजा. १८८३ मध्ये दीड लाख डॉलरला सौदा झाला. तेव्हा युद्धमंत्री कोण होता माहितेय? रॉबर्ट लिंकन, अब्राहम लिंकनचा मुलगा!

मला विचाराल तर समाधी, पहारा, बिगूल वगैरेंपेक्षा हा निकाल मोठा. जिंकलेल्या सरकारला, त्याच्याच कोर्टात, बंडखोर सेनापतीच्या मुलाने हरवलं, आणि सरकारने ते मानलं.

पण हा न्याय सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. याच जमिनीवर १८६३ मध्ये सरकारनेच सुटलेल्या गुलामांची एक वस्ती वसवली होती. शाळा, इस्पितळ, चर्च, सगळं होतं. १८८७ मध्ये तिथल्या लोकांना नव्वद दिवसांत निघायला सांगितलं गेलं. ते झगडले, पण १९०० पर्यंत वस्ती उठलीच. त्यांच्यातले ३८०० च्या वर लोक सेक्शन २७ मध्ये पुरलेले आहेत. तिथल्या कित्येक दगडांवर नावाखाली एकच शब्द आहे : 'नागरिक'. १८५७ मध्ये सुप्रीम कोर्टानेच काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही असं ठरवलं होतं, हे आठवून तो शब्द वाचा. काळ्या सैनिकांना मात्र १९४८ पर्यंत मेल्यावरही वेगळ्याच रांगा होत्या.

जेम्स पार्क्स याच जहागिरीत गुलाम म्हणून जन्मला. १८६४ मधली पहिली थडगी खणणाऱ्यांत तो होता, आणि पुढेही अनेक वर्षं तो तिथेच राबत राहिला. सैनिक नव्हता, त्यामुळे तिथे जागा मिळायचा त्याला हक्क नव्हता. १९२९ मध्ये तो गेला तेव्हा खास परवानगी काढून, लष्करी इतमामाने त्याला तिथेच पुरलं. त्या चार लाखांत आर्लिंग्टनमध्येच जन्मलेला तो एकटा.