नाव नसलेली अवस्था

पाणी उकळते आणि त्याची वाफ होते, ही गोष्ट इतकी परिचयाची आहे की तिला कुठे मर्यादा असेल अशी शंकाही सहसा मनात येत नाही. दाब वाढवला की उत्कलनबिंदू वर सरकतो, हे प्रेशर कुकरमुळे घरोघरी ठाऊक आहे. पण दाब वाढवतच गेलो, तर हा बिंदू कुठवर सरकेल? देनी पापँने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले हाडे मऊ शिजवणारे घट्ट झाकणाचे भांडे मांडले, तेव्हापासून हा प्रश्न विचारता येण्याजोगा होता. पुढची जवळजवळ दीडशे वर्षे तो कोणी नेटाने विचारला नाही.

विचारला तो शार्ल कान्यार द ला तूर या फ्रेंच माणसाने, आणि उत्तर त्याने डोळ्यांनी नव्हे, कानांनी शोधले. ध्वनी हा त्याचा आवडीचा विषय. १८१९ मध्ये त्याने एक नादयंत्र बनवले होते आणि ते पाण्याखालीही वाजते म्हणून त्याला ग्रीक पुराणातल्या जलकन्यांवरून ‘सायरन’ हे नाव दिले होते. १८२२ मध्ये त्याने बंदुकीच्या नळीचा जाड तुकडा घेतला, त्यात थोडे अल्कोहोल आणि गारगोटीची एक गोळी घातली, तोंड बंद केले आणि नळी तापवत तो ती कलती करून हलवू लागला. आत द्रव आहे तोवर गोळीचा आवाज दबका येई. तापमान एका मर्यादेपलीकडे गेले की तो अचानक बदले. गोळी आता द्रवातून वाट काढीत नव्हती, रिकाम्या पोकळीत घरंगळावी तशी घरंगळत होती. लोखंडाच्या भिंतीआड काय चालले आहे हे कळण्याचा दुसरा मार्गच नव्हता.

मग त्याने जाड काचेच्या बंद नळ्या घेतल्या. अल्कोहोल आणि ईथर यांचे त्यात जमले: द्रव फुगत फुगत जवळजवळ दुप्पट होई, आणि मग त्याचा पृष्ठभाग नाहीसा होऊन सारे पारदर्शक होई. पाण्याने मात्र छळले. इतक्या तापलेले पाणी काचच खाऊ लागले; नळ्या पांढरट पडून फुटत. त्यावर उपाय म्हणून त्याने पाण्यात थोडा सोडियम कार्बोनेट मिसळला आणि पाण्यासाठी ३६२ अंश सेल्सिअसचा आकडा काढला. आजचा स्वीकृत आकडा ३७४ आहे. १८२०च्या दशकातल्या साधनांनी, फुटत्या नळ्यांनिशी काढलेले हे मोजमाप मला थक्क करते.

खरे आश्चर्य मात्र पुढे आहे. हा शोध छापला गेला, वाचला गेला, आणि जवळजवळ पन्नास वर्षे तसाच पडून राहिला. त्याचे महत्त्व ओळखणारे नव्हते असे नाही. मायकेल फॅरडेने ते ओळखले, आणि त्याला पहिली अडचण आली ती शब्दाची. १८४४ मध्ये त्याने केंब्रिजच्या विल्यम व्ह्यूएलला पत्र लिहून या अवस्थेला काय म्हणावे ते विचारले. ‘ॲनोड’ आणि ‘कॅथोड’ हे शब्द ज्याने फॅरडेला पुरवले, तोच हा व्ह्यूएल. त्याने एकदोन शब्द सुचवले, पण ते रुजले नाहीत. फॅरडे ‘कान्यार द ला तूरची अवस्था’ असेच म्हणत राहिला. १८६१ मध्ये मेंदेलेयेव्हने ‘निरपेक्ष उत्कलन तापमान’ अशी संज्ञा योजली. अखेर बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजने कार्बन डायॉक्साइडवर वर्षानुवर्षे काम करून १८६९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान दिले आणि ‘क्रिटिकल पॉइंट’ हा शब्द रूढ केला. त्याच्या वायूचा तो बिंदू सुमारे ३१ अंशांवर होता. काच शाबूत राहत होती. द्रव आणि वायू या दोन वेगळ्या जाती नसून एकाच अखंड अवस्थेची दोन टोके आहेत, हे त्याने दाखवले. चार वर्षांनी व्हान डर वाल्सने लायडनच्या आपल्या प्रबंधात त्याला गणिताचा आधार दिला. मराठीने या शब्दासाठी ‘क्रांतिक’ निवडला, आणि माझ्या मते तो मूळ शब्दाहून सरस आहे. क्रांत म्हणजे ओलांडलेले. संक्रांतीत तोच धातू आहे.

पाण्याने ३७४ अंश आणि सुमारे २१८ वातावरणांचा दाब ओलांडला की त्याचा स्वभावच फिरतो. एरवी पाणी मीठ विरघळवते आणि तेलाला दूर ठेवते, कारण त्याचे रेणू विद्युतभारांना एकमेकांपासून अलग राखू शकतात. ही क्षमता मोजणारा डायइलेक्ट्रिक स्थिरांक खोलीच्या तापमानाला ७८च्या आसपास असतो. क्रांतिक बिंदूशी तो पाच-सहावर येतो. मग तेल आणि ऑक्सिजन पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतात, मीठ मात्र चोथ्यासारखे बाहेर पडते. कार्ल्सरूहच्या फ्रांक आणि शिलिंग यांनी १९८८ मध्ये अशा पाण्यात मिथेन आणि ऑक्सिजन सोडून पाण्याच्या पोटात ज्योत पेटलेली दाखवली. आपल्या पुराणांतला वडवानल समुद्राच्या तळाशी जळतो. त्या कल्पनेला रसायनशास्त्राने दिलेली ही दाद म्हणावी, फार तर.

पाण्यात जाळता येते म्हटल्यावर काय जाळायचे हा प्रश्न आलाच. एमआयटीतल्या मायकेल मोडेलने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या गुणाचा उपयोग विषारी सेंद्रिय कचरा नष्ट करण्यासाठी करून पाहिला. मिनिटभराच्या आत रेणूंचे कार्बन डायॉक्साइड आणि पाणी होते, धुराडे लागत नाही. अमेरिकेने केंटकीतल्या रासायनिक अस्त्रांच्या विल्हेवाटीत, निष्प्रभ केलेल्या नर्व्ह एजंटचे उरलेले द्रावण संपवण्यासाठी हीच पद्धत योजली. पण बाहेर पडणारे क्षार नळ्या तुंबवतात, आम्ले उत्तमोत्तम मिश्रधातू कुरतडतात. तो टप्पा अखेर वगळला गेला, आणि २०२३ मध्ये तिथला साठा संपला तो त्याच्याविना. कागदावर इतकी देखणी असलेली पद्धत प्रत्यक्षात इतकी थोडी वापरली जाते, याचे कारण कान्यारच्या फुटलेल्या नळ्यांतच होते.

वीजनिर्मितीत मात्र तिने जम बसवला, कारण तिथे पाणी शुद्ध असते. १९२०च्या दशकात मार्क बेन्सनने क्रांतिक दाबाला चालणाऱ्या बाष्पित्राची कल्पना मांडली. बुडबुडेच नसतील तर पाणी आणि वाफ वेगळी करणारा पिंपही नको. पहिला व्यापारी संच ओहायोत फिलो येथे १९५७ मध्ये सुरू झाला. आज नागपूरजवळच्या कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन आणि तिरोड्यात तसेच पाच ‘सुपरक्रिटिकल’ संच आहेत. एका युनिटमागे कोळसा थोडा कमी लागतो, हे खरे. पण जळतो कोळसाच, आणि राखही पडतेच. ‘सुपर’ या उपसर्गाने त्या परिसरात राहणाऱ्यांच्या दारातली राख कमी होत नाही.

समुद्राने हे सारे माणसाला विचारून केलेले नाही. २००८ मध्ये संशोधकांनी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, अटलांटिकच्या तळाशी सुमारे ३००० मीटर खोलीवर ४०७ अंशांचे पाणी बाहेर पडत असल्याचे नोंदवले. समुद्रजलाचा क्रांतिक बिंदू नेमका तिथेच आहे. आइसलँडमध्ये रेक्यानेस येथे २०१७ मध्ये साडेचार किलोमीटरहून खोल गेलेल्या विहिरीच्या तळाशी ४२७ अंश मोजले गेले. अशा पाण्याची ऊर्जा वर आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. अडचण अजूनही नळीचीच आहे.