कुलूप आणि कार्यक्रमपत्रिका

देवळाचा गाभारा दुरुस्तीसाठी बंद असला, तरी भाविक पायरीला हात लावून पुढे जातो. दुकानाचे तसे नसते. चार दिवस फळी लागलेली दिसली, की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाची पायरी चढते आणि पुष्कळदा तेथलेच होऊन जाते. मग चित्रपटगृह म्हणजे देऊळ की दुकान? तिकीटविक्रीवर त्याचे पोट चालते, म्हणजे ते दुकान खरेच. परंतु त्याला कुलूप लागल्यावर प्रेक्षक कसा वागतो, हे पाहिल्यावाचून या प्रश्नाचे खरे उत्तर मिळत नाही. न्यूयॉर्कच्या ‘फिल्म फोरम’ची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

१९७० साली हे चित्रपटगृह निघाले, तेव्हा त्याचे वैभव ते काय? घडीच्या ५० खुर्च्या, एक प्रक्षेपण-यंत्र आणि वर्षाचे अंदाजपत्रक १९,००० डॉलरचे. मोठ्या कंपन्यांच्या साखळीत न शिरता, नफ्याची अपेक्षा न ठेवता, इतरत्र जागा न मिळणारे चित्रपट दाखवायचे, एवढाच त्याचा संकल्प. १९७२ मध्ये कॅरन कूपर या बाईंनी ही संस्था हाती घेतली आणि २०२३ पर्यंत, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ, ती चालविली.

या अर्धशतकात संस्थेच्या नशिबी बिऱ्हाडे फार आली. १९७५ मध्ये ती व्हँडॅम रस्त्यावर गेली. १९८० मध्ये वॉट्स रस्त्यावर दोन पडद्यांचे स्वतंत्र घर उभे राहिले. ते घर १९८९ मध्ये जमीनदोस्त झाले, कारण शहरात जमिनीला जो भाव येतो तो कलेला येत नाही. १९९० मध्ये हाउस्टन रस्त्यावर तीन पडद्यांचे नवे चित्रपटगृह उघडले. प्रेक्षक मात्र त्याच्या मागोमाग तेथेही आले. भिंती पडल्या, तरी ज्याला आपण ‘थिएटर’ म्हणतो ते काही पडले नव्हते.

ही जवळीक आली कोठून? तिचे एक कारण अगदी साधे आहे. काही महिन्यांचे सगळे जुने चित्रपट तारीखवार मांडलेली छापील कार्यक्रमपत्रिका हे चित्रपटगृह काढीत असे. ती न्यूयॉर्ककरांच्या स्वयंपाकघरात, शीतकपाटाच्या दारावर चिकटलेली असे. आपल्याकडे भिंतीवर पंचांगाचे कॅलेंडर असते ना, तशीच. कॅलेंडरात एकादशी पाहावी, तसा तेथला माणूस पुढल्या मंगळवारी कोणता चित्रपट आहे ते पाही. २०१८ च्या उन्हाळ्यात हे घर काही काळ मिटले, ते चौथा पडदा आणि ऐसपैस खुर्च्या घेऊन १ ऑगस्टला उघडले. अशी बंदी सोसायला सोपी असते. तिच्या शेवटाची तारीख ठाऊक असते आणि उघडल्यावर काही नवे मिळणार असते.

खरी परीक्षा पुढे होती. येथे थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीत लॉस एंजेलिसची चित्रपटगृहे ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत बंद होती. न्यूयॉर्कचे आरोग्याधिकारी रॉयल कोपलंड यांनी मात्र आपल्या शहरातली नाटकगृहे नि चित्रपटगृहे सरसकट बंद केली नाहीत. गर्दी विभागावी म्हणून खेळांच्या वेळा वेगवेगळ्या ठरविल्या, खोकणाऱ्याला बाहेर काढण्याचा दंडक घातला आणि प्रेक्षागृहांचा उपयोग आरोग्याचे पाठ देण्यासाठी करून घेतला. त्याच न्यूयॉर्कमध्ये मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, सगळे पडदे एकदम काळे झाले. उघडण्याची तारीख कोणी सांगू शकत नव्हते.

या काळात अमेरिकेतल्या स्वतंत्र चित्रपटगृहांनी एक तोड काढली. ‘किनो लॉर्बर’ या वितरक कंपनीने १९ मार्च २०२० रोजी ‘बाकुराउ’ हा ब्राझीलचा चित्रपट घरबसल्या पाहण्याची सोय केली. पण तिकीट घ्यायचे ते आपल्या आवडत्या चित्रपटगृहाच्या नावाने, आणि त्या पैशातला वाटा जायचा त्या कुलूपबंद घराला. इतर वितरकही या वाटेने आले, आणि ‘फिल्म फोरम’नेही आपला पडदा असाच प्रेक्षकांच्या घरी नेला. प्रेक्षकाला चित्रपट मिळाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याची निवड कोणी केली ते नाव त्याच्यासमोर राहिले. शीतकपाटावरच्या पत्रिकेचेच हे नवे रूप म्हणावयाचे.

एवढ्यावर चूल पेटते असे मात्र कोणी समजू नये. घरच्या पडद्यावर चार माणसे एका तिकिटात बसतात, आणि भाडे काही साथ पाहून थांबत नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकन सरकारने चित्रपटगृहे, नाटकगृहे नि संगीतगृहे यांच्यासाठी १५ अब्ज डॉलरची तरतूद केली, ती उगीच नव्हे. ५ मार्च २०२१ पासून न्यूयॉर्कमध्ये परवानगी मिळाली, तीही पाव प्रेक्षकांची आणि एका पडद्यासमोर फार तर ५० जणांची. ‘फिल्म फोरम’ २ एप्रिलला उघडले. योगायोग पाहा, संस्थेचा जन्मही ५० खुर्च्यांतच झाला होता!

आपल्या मुंबईनेही ती बंदी सोसली. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मराठा मंदिर’ उघडले, तेव्हा पडद्यावर पुन्हा तोच चित्रपट आला, जो १९९५ पासून तेथे चालत आला होता. तेथे कार्यक्रमपत्रिकेची गरजच नव्हती. दार उघडले की आत काय असणार, हे प्रेक्षकाला पाठ होते. एकाने दर आठवड्याला नवे देऊन विश्वास कमावला, दुसऱ्याने वर्षानुवर्षे तेच देऊन. रीती वेगळ्या, पण ठेव एकच.

म्हणून वाटते, बंदीच्या काळात प्रेक्षकांशी नाते जोडता येत नाही. आधी जोडलेले असेल तर तेवढे राखता येते. कुलूप लागण्यापूर्वी ज्या घराने माणसांना केवळ तिकिटे विकली, त्याला नंतर हाका मारून उपयोग नाही. ज्याने त्यांची आवड घडविली, त्याच्या बंद दाराशीही कोणी तरी थांबते, पाटी वाचते आणि विचारते, “केव्हा उघडणार?”